हनिमूनच्या मेणबत्त्या

सुरुवातीलाच माफी मागतो. हनिमून या विषयावर लिहिण्याइतका माझा अनुभव नाही. माझा हनिमून बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत झाला, आणि तोही झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे चार लोक वाचतील असं काही लिहायला बसलो, की मागून कुणीतरी येऊन विचारेल असं सारखं वाटतं, 'तुला कुणी बसवलं रे इथं?'

पण संध्याकाळच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ज्याची लाज वाटते पण ज्याचं वाईट वाटत नाही, असं काहीतरी लिहून आणा." मी पुष्कळ आठवून बघितलं. तशी माझ्याकडे एकच गोष्ट निघाली. बायकोला विचारूनच ती लिहितो आहे. तिने सगळं वाचलं आणि एक वाक्य काढायला लावलं. ते काढलं आहे.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो, डेपोच्या मागच्या चाळीत. एक खोली, एक स्वयंपाकघर. आई, वडील, धाकटी बहीण, मी आणि आता बायको. वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले. बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं होतं. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात लागलो, तो अजून तिथेच आहे. तयार पँट माझ्यासमोर येते, मी लोंबणारे धागे कापतो, बटण ओढून बघतो, चेन खालीवर करतो आणि पुढे सरकवतो. मग एकदा वडीलच म्हणाले, "संध्याकाळचं कॉलेज असतं म्हणे. जाऊन तर बघ." मी गेलो, आणि तेव्हापासून दिवसा कारखाना आणि संध्याकाळी बी.ए.

लग्नासाठी मुलगी बघायला आम्ही अंबरनाथला गेलो होतो. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत तिचं घर. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, अजूनही आहे. पोहे झाले, चहा झाला, मग मोठ्यांनी आम्हाला बोलण्यासाठी गॅलरीत पाठवलं. मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नीट, टक लावून.

"चष्मा कधीपासून?" तिने विचारलं.

"दहावीपासून."

"हाच?"

"नाही. हा तिसरा."

"बरं," ती म्हणाली. आमचं बोलणं संपलं.

आत आल्यावर तिच्या मामाने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "मग, पोरी? तुझं काय म्हणणं?"

तिने खाली बघून सांगितलं, "घरचे म्हणतील तसं."

सगळे हसले. पेढ्यांचा पुडा लगेच उघडला, म्हणजे तो आधीच आणून ठेवला होता. मी पेढा खाल्ला, पण ते वाक्य माझ्या घशात अडकलं.

त्याला कारण होतं. त्याच वर्षी वर्गात बाईंनी आम्हाला शिकवलं होतं की मुलगी गप्प बसली याचा अर्थ ती हो म्हणाली असा होत नाही. बाकीची मुलं एकमेकांना कोपराने ढोसत होती. मी मात्र ते मनावर घेतलं. माझ्यासारख्या उशिरा शिकायला बसलेल्या माणसाचं असंच होतं. वर्गात जे सांगतात ते आपल्यालाच सांगताहेत असं त्याला वाटतं. आणि आता माझ्यासमोरची मुलगी गप्पसुद्धा बसली नव्हती. तिने तर घरच्यांवर सोपवलं होतं. म्हणजे तिच्या मनात काय आहे ते कुणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन मी आईला म्हणालो, "तिला स्वतःला हवंय की नाही, हे कसं कळायचं?"

आई तांदूळ निवडत होती. "मला विचारलं होतं का कुणी? झालंच ना चांगलं?"

वडील पेपरामागून म्हणाले, "झालं का?"

"तुम्ही गप बसा."

लग्न अंबरनाथलाच झालं. ती पांढऱ्या साडीत होती, मी पांढऱ्या शर्टात. आमच्याकडे पाहुण्यांचा मुक्काम लांबला. ती बायकांबरोबर स्वयंपाकघरात झोपायची आणि मी काका-मामांबरोबर गॅलरीत. सकाळी नळावर आमची गाठ पडायची. ती हंडा भरायची, मी तो उचलून आत ठेवायचो. त्यावरही बाजूच्या खोलीतल्या काकू म्हणायच्या, "बघा, बघा, हंडा किती अलगद उचलतोय. माझ्या लग्नात आमचे हे तर बादलीसुद्धा ओलांडून जायचे."

आम्ही महाबळेश्वरला जायचं ठरवलं होतं. तेवढ्यात कॉलेजची परीक्षा अलीकडे आली, आणि ते राहिलं. कारखान्यात आमच्या सिंधी शेठला हे कळलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "अरे साईं, इम्तिहान तो हर साल आएगा. हनीमून नहीं ले गया ना, तो बीवी बुढ़ापे तक सुनाएगी. मेरी वाली अभी तक सुनाती है." त्याने दिलेली रजा परत घेतली नाही. पण रजा घेऊन आम्ही जाणार कुठे?

मार्ग काढला तो मावशीने. माझी मावशी बेलवलीत एकटी राहते. तिला लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला जायचं होतं. तिने घरी येऊन चावी आईच्या हातात ठेवली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी झाडं मरतील गं. ह्या दोघांना पाठव पाणी घालायला. तिकडेच राहू देत."

त्या दिवसापासून चाळीत आमच्या हनिमूनला 'झाडांना पाणी' म्हणायला लागले. आम्ही पिशव्या घेऊन निघालो तेव्हा काकू दारातच होत्या. "जा रे बाबांनो, झाडं सुकली असतील," त्या म्हणाल्या. आत कुणीतरी तोंडात पदर घालून हसलं.

मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉल, स्वयंपाकघर, आणि हॉलला लागून गॅलरी. गॅलरीत उभं राहायला जागा नाही इतकी झाडं. रंगाचे डबे, तेलाचे डबे, फुटकी बादली, सगळ्यांत माती आणि प्रत्येकात काहीतरी उगवलेलं. म्हणजे पाणी खरंच घालायचं होतं. ती एका बाजूने सुरू करायची, मी दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये मोगऱ्यापाशी भेटलो की दोघंही एकदम म्हणायचो, "तुम्ही घाला." मोगरा राहून जायचा.

मी मनाशी ठरवलं होतं की ती आपल्या मनाने आली आहे का, हे कळल्याशिवाय तिच्या जवळ जायचं नाही. कळायचं तर विचारायला हवं. आणि विचारायचं तर आधी तिला मोकळं वाटायला हवं. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे 'चहा ठेवू?' आणि 'हो'. रात्री मी चटई आणि पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात जायचो. "परीक्षा आहे," म्हणायचो. ती म्हणायची, "बरं." हॉलमधल्या दिवाणावर ती झोपायची. मी पुस्तक उघडून बसायचो आणि मोबाईलवर नवीन लग्न झालेल्यांनी एकमेकांशी गोडी कशी वाढवावी, यावरचे लेख वाचायचो. मला सगळंच शिकावं लागतं, तसं हेही शिकावं लागेल अशी माझी समजूत होती. लेखांमध्ये उपाय भरपूर होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे मी ते एकेक सोडवायला घेतले.

पहिला उपाय होता सकाळचा नाश्ता अंथरुणात नेऊन द्यायचा. मी लवकर उठून कांदेपोहे केले. खरं तर मीठ दोनदा पडलं होतं. ताट घेऊन दिवाणापाशी उभा राहिलो. तिने डोळे उघडले आणि दचकून उठून बसली.

"काय झालं? कुणाला बरं नाहीये का?"

"नाही. नाश्ता."

"इथं? गादीवर?" तिने पदराने गादी झटकली, जणू पोहे आधीच सांडले होते. "मुंग्या येतील ना. मावशी काय म्हणतील?" मग माझा चेहरा बघून तिने ताट घेतलं, खाली फरशीवर बसली, आणि माझ्यासाठीही जागा केली. पोहे तिने सगळे खाल्ले. नंतर तांब्याभर पाणी प्यायली. मिठाबद्दल एक शब्द बोलली नाही.

दुसरा उपाय होता निसर्गाच्या सान्निध्यात हातात हात घालून फिरायचं. संध्याकाळी आम्ही उल्हास नदीकडे गेलो. पाणी संथ होतं, पलीकडे म्हशी बसल्या होत्या. मी बराच वेळ मनात आकडे मोजून धीर गोळा केला आणि तिचा हात धरला. तिने सोडवला नाही. तिचा हात गार होता आणि माझ्या हाताला घाम होता. आता विचारू, म्हणून मी तोंड उघडलं, आणि मागून खणखणीत आवाज आला, "जय भीम! काय म्हणतंय जोडपं?"

आमच्याच चाळीतले काका, बदलापूरला जावयाकडे आले होते. मी तिचा हात असा टाकला, जसा गरम तवा.

"जय भीम, काका."

"मग? झाडांना पाणी घालून झालं?"

"हो. आजचं झालं."

"रोज घाला. उन्हाळा आहे." ते आमच्याबरोबर थेट बिल्डिंगच्या दारापर्यंत आले. वाटेत त्यांनी जावयाच्या मूतखड्याबद्दल सगळं सांगितलं. ती आस्थेने विचारत होती, "मग पाणी किती पितात ते?" मी मागून चालत होतो.

तिसरा उपाय सगळ्या लेखांत होता, म्हणून तो मी शेवटी ठेवला होता. स्वच्छ चादर, गुलाबाच्या पाकळ्या, मेणबत्त्यांचा मंद प्रकाश आणि मंद सुगंध. अशा वातावरणात मन मोकळं होतं, असं लिहिलं होतं. मी ठरवलं, आज सगळं तयार करायचं, तिला समोर बसवायचं आणि विचारायचं, 'तू मनापासून हो म्हणाली होतीस का? नसशील, तरी सांग. मी रागावणार नाही.' हे वाक्य मी दिवसभर घोकलं.

स्टेशनबाहेर फुलवाली बसते. मी म्हणालो, "गुलाबाच्या पाकळ्या द्या. सुट्या."

"कशाला पायजेत?"

खरं सांगायला जीभ वळेना. "पूजेला."

"मग नुसता गुलाब कशाला नेतो? शेवंती पण ने. पांढरी शेवंती बरी दिसते." तिने माझं न ऐकता मूठभर शेवंती पुड्यात टाकली. मेणबत्त्या किराणावाल्याकडे साध्या पांढऱ्याच होत्या, आपण नेहमी आणतो त्या. सुगंधासाठी मावशीच्या कपाटात चंदनाची अगरबत्ती मिळाली. चादरही तिथलीच, पाहुण्यांसाठी इस्त्री करून ठेवलेली, पांढरी.

दिवेलागणीला ती कोथिंबीर आणायला खाली गेली. मी घाईने दिवाणावर चादर अंथरली, वर फुलं पसरली, उशाशी असलेल्या फळीवर मेणबत्त्या मांडल्या, अगरबत्ती लावली, ट्यूब बंद केली. शेवटची मेणबत्ती लावतच होतो, तेवढ्यात दार उघडलं.

ती उंबऱ्यात थांबली, हातात कोथिंबिरीची जुडी. तिने चादरीकडे पाहिलं. फुलांकडे पाहिलं. मेणबत्त्यांकडे पाहिलं. मग भिंतीवर वर पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली, तेव्हा मी ती झटकली.

"वंदना घ्यायचीये होय?" ती म्हणाली. "मग आधी सांगायचं ना. थांबा, हातपाय धुऊन येते."

मी वर बघितलं. दिवाणाच्या बरोब्बर वर, फळीच्या मधोमध, मावशीची बुद्धांची तसबीर होती. ती तिथे पहिल्यापासून होती. आमच्या प्रत्येक घरात ती असते, मी जन्मापासून बघतो आहे, त्यामुळेच मला ती दिसली नव्हती. तिच्यासमोर पांढरं वस्त्र, त्यावर फुलं, बाजूला मेणबत्त्या आणि अगरबत्ती. इतकी व्यवस्थित मांडणी आमच्या विहारातसुद्धा रोज होत नाही.

सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगणार होतो? ही फुलं बुद्धांसाठी नाहीत, तुझ्यासाठी आहेत, असं? त्यांच्यासमोर?

ती ओढणी डोक्यावर घेऊन आली, खाली चटई टाकली आणि गुडघे मोडून बसली. "बसा की," म्हणाली. मी बसलो. हात जोडले. तिने सुरुवात केली, मग मीही सूर धरला. त्रिशरण, पंचशील मला लहानपणापासून पाठ आहे. तरी त्या दिवशी मध्येच अडखळलो. ती थांबली नाही. फक्त तिने आवाज थोडा चढवला, मला धरून पुढे जाता येईल इतका, आणि मी तो धरला. लग्नात आम्ही हेच म्हटलं होतं, पण तेव्हा माईक होता, मागे लोक बोलत होते, कुणाचं तरी पोर रडत होतं. इथे आमचे दोघांचेच आवाज होते. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका वेळ सलग ऐकला. जरासा घोगरा आहे.

शेवटचं "साधु, साधु, साधु" झालं, आणि आम्ही बसूनच राहिलो. मेणबत्त्या विझवायच्या नसतात, त्या आपोआप संपेपर्यंत थांबायचं असतं. आम्ही थांबलो. ती भिंतीला टेकली, मीही टेकलो. आमच्या खांद्यांमध्ये जागा नव्हती, पण कुणी सरकलं नाही. माझं घोकलेलं वाक्य मला आठवलं, आणि त्या वातावरणात ते मला फार मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं. मी ते तसंच ठेवलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मावशींना फोटो पाठवते हां. खूश होतील."

आणि तिने पाठवला. मावशीने तो नाशिकहून घरच्या ग्रुपवर टाकला. 'हनिमूनला गेलीत आणि वंदना घेतायत. ह्याला म्हणतात संस्कार.' त्याखाली सगळ्या नातेवाइकांचे जोडलेले हात आले. वडिलांचा फोन आला. ते कधीच स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, "चांगलं केलंस," आणि ठेवला. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी तिच्याकडे बघितलं. ती कोथिंबीर निवडत होती, मान खाली घालून, आणि काडी न् काडी फार मन लावून बघत होती.

झोपताना मी चटई उचलली, तेव्हा ती म्हणाली, "अभ्यास इथंच करा ना. मला उजेड चालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तकावर वाकलो की चष्मा घसरत होता आणि मी तो सारखा बोटाने वर ढकलत होतो. ती गॅलरीतून बघत होती. हातातली पाण्याची बाटली ठेवून आत आली.

"द्या तो इकडे."

"कशाला?"

"जेव्हापासून बघतेय तेव्हापासून वाकडा आहे. डावी दांडी वर आहे. डोकं नाही दुखत?"

"दुखतं. मला वाटायचं अभ्यासाने."

तिने पातेल्यात पाणी तापवलं, दांडीचं टोक त्यात बुडवून धरलं, मग अंगठ्याने हळूहळू वाकवलं. चष्म्याशिवाय मला ती पुसट दिसत होती. मग ती माझ्यासमोर पाटावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि दोन्ही हातांनी चष्मा माझ्या कानांवर चढवला. तिची बोटं गरम पाण्याने ऊबदार झाली होती.

मी नजर चुकवली.

"खाली नको. सरळ. माझ्या नाकाकडे बघा," ती म्हणाली. दुकानात ती गिऱ्हाइकाला हेच म्हणत असणार, त्याच सुरात. मी नाकाकडे बघितलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक बारीक तीळ आहे, तो मला तेव्हा दिसला.

ती परत काढायची, वाकवायची, परत घालायची. आत्ताच, मला वाटलं. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

"एक विचारू?"

"बोलू नका. गाल हलतात, फ्रेम सरकते."

तिने चष्मा बसवला, मागे सरकून बघितलं, दोन बोटांनी नाकावरचा भाग हलकेच दाबला आणि म्हणाली, "झालं. आता बघ."

बघा नाही, बघ. ती स्वतःच ते ऐकून थांबली. मी बघितलं. मोगऱ्याची फांदी, पातेल्यातली वाफ आणि तिचा चेहरा, सगळं सरळ दिसत होतं. बायकोने काढायला लावलेलं वाक्य इथे होतं.

त्यानंतर बेलवलीचे उरलेले दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की कुठलाही लेख पुन्हा उघडावा लागला नाही. मोगऱ्यालाही दोघं मिळून पाणी घालायला लागलो. पण मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. आधी बोलवेना म्हणून, आणि नंतर भीती वाटायला लागली म्हणून. ती आता हसत होती, तू म्हणत होती, हे खरं. पण माणूस जिथे पडेल तिथे चांगुलपणाने राहतो, ती तशीच राहत असली तर? आईसारखं, 'झालंच ना चांगलं' म्हणत? गोडी वाढली म्हणून ती सुरुवातीला आपल्या मनाने आली होती असं सिद्ध होत नाही. हे मला टोचत राहिलं, आणि जितकी ती आवडायला लागली तितकं जास्त टोचायला लागलं.

मावशी परत आली, आम्ही विठ्ठलवाडीला आलो. मग रिवाजाप्रमाणे तिचा भाऊ तिला पहिल्यांदा माहेरी न्यायला आला. अंबरनाथ काही लांब नाही, मध्ये एकच स्टेशन. तरी खोली मोठी झाल्यासारखी वाटली. माझी परीक्षा सुरू होती. पेपर देऊन आलो की मी नळाजवळच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसायचो आणि चष्मा वर ढकलायला बोट न्यायचो, तर तो घसरलेलाच नसायचा.

शेवटच्या पेपराच्या दिवशी मी असाच बसलो होतो. काकू नळावर आल्या. त्यांनी हंडा लावला आणि माझ्याकडे बघून हसायला लागल्या. हसणं थांबेना.

"काय झालं, काकू?"

"काही नाही रे, भक्ता. काडी थरथरत होती म्हणे तुझी."

"कुठली काडी?"

आतून आई ओरडली, "अगं, त्याला नको सांगूस! विहीणबाईंनी शपथ घातलीये!"

"तू मला का सांगितलंस मग?" काकू उलट ओरडल्या, आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. नळ वाहत राहिला. त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या बायकोने ते तिच्या बहिणीला सांगितलं होतं, बहिणीने आईला, तिच्या आईने माझ्या आईला फोनवर, आणि माझ्या आईने काकूंना. सगळ्यांकडून फिरून ते शेवटी माझ्यापर्यंत आलं होतं.

ती म्हणाली होती, मला दारातच कळलं. वंदनेला कुणी गादीवर फुलं पसरतं का? पण त्याच्या हातातली काडी इतकी थरथरत होती, की म्हटलं, ह्यालाही भीती वाटतेय आणि मलाही. आधी दोघं जरा शांत बसू.

माझ्या कानापासून मानेपर्यंत सगळं तापलं. "म्हणजे तो फोटो..."

"तो तर मुद्दामच पाठवला म्हणे!" काकूंनी मांडीवर हात मारला.

आई बाहेर येऊन दारात उभी होती. तिला आता शपथ मोडल्याचं काही वाटत नसावं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. तांदूळ निवडताना मी तिला काय विचारलं होतं, ते तिच्या लक्षात होतं, हे मला तेव्हा कळलं.

"आणखी एक सांगितलं विहीणबाईंनी," आई म्हणाली. "आपण बघायला गेलो होतो ना, त्या दिवशीचं. मामाने सगळ्यांसमोर विचारलं ते नंतर. त्याच्या आधी, तुम्ही गॅलरीतून आत आलात, तेव्हा ती कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली होती. आईने तिला हळूच विचारलं, कसा वाटला? नको असेल तर आत्ताच सांग, मी बाहेर सांभाळून घेते."

"मग?"

"ती म्हणाली, चष्मा वाकडा आहे त्याचा. तो मी सरळ करीन."